मुळेपलीकडचा सिनेमा

आमच्या जुन्या सांगवीतून मुळा ओलांडली की औंध. २०२३चे माझे बहुतेक सिनेमे तिथल्याच मल्टिप्लेक्सात झाले. जानेवारीत परेश मोकाशींच्या ‘वाळवी’ने असं गुंडाळलं, की पॉपकॉर्न तसेच राहिले. ऑक्टोबरात त्यांनीच लिहिलेला ‘आत्मपॅम्फ्लेट’ आला. वर्षातला बेस्ट, पण ऑफिसात कुणी नावही ऐकलं नव्हतं!

खरी धमाल मात्र जूनअखेर आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ची. बाबा गेल्यापासून आई थेटरात गेलीच नव्हती. सोसायटीतल्या बायकांनी तिला माझ्या गाडीत कोंबलं. मला त्या सहा बहिणी जरा भडकच वाटल्या, बॉस. इंटरव्हलला आई म्हणाली, “पुढच्या वेळी तू नको येऊस. आम्ही बायकाच जाऊ.”

नोव्हेंबरात ‘झिम्मा २’ला त्या खरंच रिक्षाने गेल्या. मी घरी ‘हास्यजत्रा’ लावली आणि वरणभाताचा कुकर.