आईचे वेढे

हौशी बिनतारी केंद्राचा सरकारी परवाना हातीं आला, त्याच दिवशीं मीं अडगळींतलें जुनें मेज माजघरांत आणून मांडलें. घरांत कुरकूर झालीच. चाळिशी उलटलेल्या माणसानें दिव्याखालीं बसून यंत्राचे सुटे भाग जुळवावेत, हें दादांना पोरपणाचें वाटलें. आणि गच्चीवर मीं दहा मीटरची तार ताणल्यामुळें वहिनींची कपडे वाळत घालण्याची दोरी गेली, ही तक्रार तर रास्तच होती.

मीं निवडलेला आराखडा ‘बिटएक्स’ नांवाचा. हैदराबादच्या अशहर फरहान यांनीं तो या शतकाच्या पहिल्या दशकांत तयार केला. वीस मीटरच्या लहरींवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झवर, हें यंत्र अवघ्या ६ वॅट शक्तीनें बोलतें. आमच्या न्हाणीघरांतला दिवा याहून अधिक वीज खातो. त्यांतली खुबी अशी कीं, ऐकण्याची व बोलण्याची वाट बहुतांशीं एकच. परक्याचा आवाज स्फटिकांच्या ज्या गाळणींतून आंत येतो, तिच्यांतूनच आपला शब्द बाहेर पडतो.

खरे कष्ट वेटोळ्यांचे. सुपारीएवढ्या कड्याच्या पोटांतून तांब्याची बारीक तार ओवून वेढे घालावयाचे; तार पोटांतून जितक्या वेळां जाईल तितके वेढे. माझीं बोटें थरथरूं लागलीं. आई शेजारीं वाती वळीत बसली होती. ‘आण इकडे,’ म्हणाली, आणि ओठांतल्या ओठांत मोजीत तीन दुपारींत तिनें सगळीं वेटोळीं गुंडाळून दिलीं.

सर्व डाख देऊन झाल्यावर बॅटरी जोडली. यंत्र मुकें! दादा समोर उभे होते. त्या ओशाळेपणांत माझ्या तोंडून गेलें, ‘आईचे वेढे चुकले असतील.’ ती कांहींच बोलली नाहीं. चष्मा लावून एकएक कडें दिव्यापाशीं धरून पुन्हां मोजूं लागली, तें मला पाहवेना. रात्रीं मीटर लावला तों दोष सांपडला. या तारेवर रोगणाचा पातळ लेप असतो. तो टोकाशीं खरवडल्यावांचून डाख तांब्याला धरीत नाहीं. एका वेटोळ्याचें टोक मीं खरवडलेंच नव्हतें. वरून मात्र डाख कसा चकचकीत दिसत होता! सकाळीं चहाच्या वेळीं मीं हें दादांच्या देखत सांगितलें. सांगणें प्राप्तच होतें.

त्या दुपारीं यंत्राला कंठ फुटला. प्रथम बदकांचा कलकलाट. मग खुंटी किंचित् पिळतांच त्यांतून माणसाचे शब्द उमटले. दोन दिवसांनीं कोलकात्याच्या एका हौशी गृहस्थांनीं माझ्या हांकेला उत्तर दिलें. अशा संभाषणांत यंत्राची चौकशी होतेच. वेटोळीं माझ्या मातुःश्रींनीं गुंडाळलीं आहेत, असें मीं सांगतांच त्यांनीं तिला नमस्कार कळविला. परवाना माझ्या एकट्याच्या नांवाचा, तेव्हां आईला स्वतः बोलतां येईना. तिनें वातींवरून मान वर केली.

‘सांग त्यांना,’ ती म्हणाली, ‘वेढे दोनदां मोजले होते म्हणून.’