खिशातली निगेटिव्हची चिठ्ठी

घरातली गोष्ट आहे. चव्हाट्यावर मांडावी की नाही, म्हणून मोठेबाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही ना बाप्पा. माह्यावानी दुसऱ्याचं नाई झालं पायजे." म्हणून लिहितोय.

सोयाबीन काढायच्या वेळी त्यांना खोकला लागला. "धुयीचा खोकला हाय," म्हणत महिना काढला. मग मी गाडीवर बसवून तपासणीला नेलं. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. निगेटिव्ह! ती चिठ्ठी त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली. कोणी खोकल्यावरून टोकलं की काढून दाखवायचे. मीही निर्धास्त. असे अडीच महिने गेले. वजन उतरलं, अन् चार वर्षांची नात रोज त्यांच्याच अंथरुणात झोपत होती.

शेवटी आशाताईंनी पिच्छा पुरवला, "दादा, सीबीनॅट करून घ्या." पुन्हा नमुना दिला. टीबी निघाला.

मग पहिली चिठ्ठी खोटी होती का? नाही. सूक्ष्मदर्शकात टीबीचे जंतू दिसायला एका मिलीलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. त्याहून कमी असले की नजरेतून सुटतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनला शंभर-दीडशे पुरतात, कारण ते जंतू पाहत नाही, त्याचा डीएनए शोधतं.

कसं? आधी जंतू फोडून थुंकीतला कचरा बाजूला काढायचा अन् डीएनए वेगळा करायचा. आपण धान्य उपणतो तसंच. मग त्यातल्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढायच्या. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात. हीच पीसीआर, कोरोनात आपण सगळ्यांनी ऐकलेली. १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना ही युक्ती सुचली, १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रत्येक फेरीत नमुना जवळपास उकळीपर्यंत तापवावा लागतो. त्यात टिकणारं एन्झाइम मिळालं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जंतूकडून.

ट्रूनॅट तर आपल्याच देशातलं, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. एक छोटं यंत्र डीएनए वेगळा करतं, दुसरं त्याच्या प्रती वाढवतं. बॅटरीवरही चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही या तपासण्यांतून काही तासांत कळतं. सरकारी दवाखान्यात हे मोफत आहे.

म्हणजे युक्ती चाळीस वर्षांची, यंत्र देशातलं, पैसे लागत नाहीत. तरी आमचे अडीच महिने गेले. कारण मशीन काही आपल्या दारी चालत येत नाही. कोणीतरी नमुना पाठवावा लागतो, अन् आपण तो मागावा लागतो. मी मागितला नाही, ही माझी चूक.

वाशिम आकांक्षित जिल्हा आहे, हे भाषणात दरवेळी ऐकतो. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: आपल्या गावातून या महिन्यात सीबीनॅट-ट्रूनॅटला किती नमुने गेले? रिपोर्ट किती दिवसांत आला? रुग्णाच्या घरच्यांची तपासणी झाली का?

आणि घरी एवढं करा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर एका निगेटिव्ह चिठ्ठीवर थांबू नका. नमुना देताना लाळ नको, खोल खोकून काढलेला बेडका द्या, शक्यतो सकाळचा.

मोठेबाबांना नेहमीची औषधं लागू पडली. सहा महिन्यांचा कोर्स सुरू आहे, वजन भरतंय. नातीला आजार नाही निघाला. तिला प्रतिबंधक औषध सुरू आहे. ती रोज विचारते, "आबा, आता तुमच्यापाशी झोपू का?"

ते म्हणतात, "थांब माय, डॉक्टरले इचारू दे."

ती जुनी चिठ्ठी अजून बंडीच्या खिशात आहे. आता कोणी खोकताना दिसलं की तीच काढून दाखवतात.