वयात आलेला मनी प्लांट

मनी प्लांट विकत आणायचा नाही, मागूनही आणायचा नाही. कुणाच्या तरी कुंपणावरून तिन्हीसांजेला गुपचूप तोडून आणायचा, असा आमच्या अंबरनाथच्या फॅक्टरी कॉलनीतला नियम. बदली होऊन आवडीला आलो तर इथंही तोच. भाषा कळत नव्हती, भाजीवालीच्या टोपलीतल्या निम्म्या भाज्यांची नावं येत नव्हती, पण एका सकाळी दारातल्या कुंडीतला वेल वीतभर आखूड झालेला दिसला आणि हिला एकदम बरं वाटलं. म्हणाली, ‘अहो, इथलीपण माणसं आपल्यासारखीच आहेत.’

मी तपासणी खात्यातला. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत आलो. हा रणगाड्यांचा कारखाना १९६१ सालचा. पहिला विजयंता इथून १९६५ मध्ये बाहेर पडला, पुढे टी-७२, टी-९० आणि अर्जुन. माझी बदली झाली तेव्हा दोन्ही कारखाने आयुध निर्माणी मंडळाचे होते. १ ऑक्टोबर २०२१ ला मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हाही हे दोन एकाच कंपनीत गेले. त्यामुळे अंबरनाथ-आवडी ही वाट आमच्यात जुनीच. चेन्नईचं उपनगर म्हणून आवडीचं नाव घेतात, पण इस्टेटीच्या फाटकातून आत शिरलं की शहर बाहेर राहतं. रुंद रस्ते, जुनी क्वार्टर्स, कडुनिंब, नारळ, चिंच आणि पर्जन्यवृक्ष. इथले लोक त्याला तूंगुमूंजी मरम म्हणतात.

आमच्या ब्लॉकच्या मागे असाच एक पर्जन्यवृक्ष होता आणि त्याच्या खोडावर जमिनीपासून दुमजली घराच्या उंचीपर्यंत एक वेल चढलेली होती. खालची पानं ताटाएवढी, वर वर मोठी होत गेलेली, आणि सगळ्यात वरची कडेपासून मधल्या शिरेपर्यंत फाटलेली. वादळात केळीची पानं फाटतात तशी वेडीवाकडी नव्हे; कापून नक्षी केल्यासारखी. हिरव्यावर पिवळे फराटे. कुणी म्हणे हा जंगलातला काहीतरी प्रकार आहे, कुणी म्हणे साहेबांच्या बायकोनं परदेशातून आणलेला मॉन्स्टेरा. इस्टेटीत झाडं बघणारा एक म्हातारा माळी होता. त्याला विचारलं तर तो पाइप खाली न ठेवताच म्हणाला, ‘सार, अदु मनी प्लांट दान.’ मनी प्लांटच आहे तो.

पावसानंतर एक पान गळून पडलं होतं. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असतेच. ती पुरेना म्हणून घरातून टेप आणला. देठ सोडून ६८ सेंटिमीटर. आमच्या दारातल्या कुंडीतलं सगळ्यात मोठं पान त्या पट्टीच्याही आत बसत होतं. एकाच नंबरच्या दोन नगांत एवढा फरक निघाला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता. त्या दिवसापासून मी या वनस्पतीच्या मागे लागलो.

ही अळवाच्या कुळातली. आपला अळू, सुरण, पावसाच्या तोंडावर ठाण्या-पालघरच्या बाजारात येणारी शेवळं, हॉटेलच्या लॉबीतलं अँथुरियम आणि डिफेनबेकिया हे सगळे तिचे भाऊबंद. सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळवाला आपण चिंच लावतो आणि शेवळात काकडं घालतो ते त्या खाजेपायी. मनी प्लांट शिजवून खायच्या फंदात कुणी पडू नये. घरात रांगतं मूल असेल तर कुंडी वरच ठेवावी. इस्टेटीत हिंडणाऱ्या गाई कुंपणाची मेंदी ओरबाडायच्या, गुलाब काट्यांसकट खायच्या, पण या वेलीला तोंड लावलेलं मी पाहिलं नाही.

तिच्या प्रजातीचं नाव एपिप्रेम्नम, आणि आपल्या घरातली ती एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ गाव ताहितीशेजारचं मोरेआ बेट. या वेली दोन वयं जगतात. जमिनीवर सरपटताना किंवा लोंबत असताना त्यांची पानं लहान, अखंड, बदामी आकाराची असतात. खोड सापडलं की पेरापेरातून मुळं फुटतात. काही मुळं साल घट्ट धरतात, काही लांब वाढून खाली मातीपर्यंत पोचतात. जसजशी वेल चढते तसतसं खोड जाड होतं आणि पानं मोठी होऊन फाटू लागतात. तिचं प्रौढ पान मीटरभर लांब होऊ शकतं, आणि वेल वीस मीटरपर्यंत चढते. झाड शोधायची युक्ती तर आणखी पुढची. कोस्टा रिकाच्या जंगलात याच कुळातल्या मॉन्स्टेराच्या एका जातीचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचं रोप बीजातून बाहेर आल्यावर उजेडाकडे जात नाही, आसपास जिथं सर्वांत दाट अंधार दिसतो तिकडं सरपटतं, कारण तो अंधार म्हणजे बहुधा मोठं खोड. वर चढायला लागलं की मग उजेडाकडे वळतं.

आपण काय करतो, तर ती बाटलीत घालून फ्रिजवर ठेवतो, नाहीतर सुतळी बांधून ट्यूबलाइटपर्यंत नेतो आणि तिथून पडद्याच्या दांडीवर सोडतो. म्हणजे आपल्या घराघरांत आहे ते तिचं बालपण. आईच्या अंबरनाथच्या घरातला वेल मी शाळेत असल्यापासून तिथं आहे आणि अजून त्याला दुधाचे दातच आहेत.

फुलांची गोष्ट याहून चमत्कारिक. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ही सपुष्प वनस्पती. पण फूल पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. १८८० मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं ते पोथॉस म्हणून. १९६२ मध्ये एकदा फूल मिळालं तेव्हा कुळातलं तिचं घर बदललं, ते नीट पाहिल्यावर पुन्हा बदललं. लागवडीतल्या वेलीला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ ची. फूल नाही म्हणून बी नाही, म्हणून जगभरातला मनी प्लांट म्हणजे तोडून लावलेले तुकडेच. आईच्या फ्रिजवरचा, आवडीच्या झाडावरचा आणि चोरीला गेलेला, हे सगळे जवळपास एकाच वेलीचे भाग. चोराला तरी काय बोलणार?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फूल न येण्याचं कारण प्रसिद्ध केलं. जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलीत जवळजवळ गप्प असतं. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर त्यांच्या वेलींना फुलं आली. हे मी बऱ्याच उशिरा वाचलं, आणि त्याचं पुढं काय झालं ते सांगतोच.

त्याच वर्षाच्या शेवटाला आवडीत सगळं एकदम आलं. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी, ५ डिसेंबरला जयललितांचं निधन, आणि १२ डिसेंबरला वरदा वादळ. दुपारभर खिडक्यांच्या काचा धरून बसलो होतो. मागचा पर्जन्यवृक्ष पडताना आवाज फार झाला नाही, वाऱ्याचाच इतका होता. त्याची मुळं पसरट, उथळ. चेन्नईत त्या दिवशी असे शेकडो आडवे झाले. दुसऱ्या दिवशी लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, खिशात नोटा नाहीत, आणि अख्खी कॉलनी पडलेल्या झाडाभोवती जमलेली. काल दुमजली उंचीवर असलेली पानं आज गुडघ्याशी होती. करवती यायच्या आत बायकांनी वेलीचे तुकडे करून नेले. शेजारची एक आजी कमरेएवढा तुकडा ओढत चालली होती. हिनं विचारलं, ‘अम्मा, हा चोरलेला कसा म्हणायचा? सगळ्यांसमक्ष नेताय.’ आजीनं सांगितलं, ‘वादळानं चोरला, मी नुसता उचलला.’ बँकेसमोर रांगा लागल्या होत्या त्या दिवसांत मनी प्लांटवरून झालेले बाकीचे विनोद आता सांगण्यासारखे नाहीत.

मीही दोन तुकडे आणले, मनगटाएवढे जाड. एक बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत लावून लोखंडी जाळीवरून खाली सोडला, दुसरा वादळातून उभ्या राहिलेल्या नारळाच्या बुंध्याशी. बाल्कनीतल्याचं पहिलं नवं पान ओंजळीएवढं आलं, दुसरं त्याहून लहान. फाटणं बंद झालं. पेरं लांब लांब पडू लागली. वर्ष फिरायच्या आत तो आईच्या फ्रिजवरच्यासारखा दिसायला लागला. बुंधा तेवढा जाड, बाकी पुन्हा पोरगा. नारळावरच्यानं पहिला उन्हाळा नुसता तग धरला, मग चढला. पान दर पेराला थोडं मोठं. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप घेऊन जायचो, तर माळी लांबूनच हसायचा.

घरात ही वेल बाटलीत ठेवणाऱ्यांना आवडीत एक जाच आहे. डेंग्यूच्या अळ्या तपासायला बायका दारोदार येतात. टॉर्च मारून फ्रिजमागचा ट्रे बघतात, टाकीचं झाकण उचलतात आणि मनी प्लांटची बाटली दिसली की थेट मोरीत ओततात. त्यांचं बरोबर आहे. डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि बाटलीचं पाणी तेवढ्यात कोण बदलतं? मी तर म्हणेन, वेल मातीत लावावी आणि तिला टेकायला काहीतरी द्यावं, निदान काथ्या गुंडाळलेला दांडा. हवा शुद्ध होते म्हणून बाटल्या वाढवण्यात अर्थ नाही. ते नासाचं १९८९ चं संशोधन बंद पेटीतलं होतं; २०१९ मध्ये झालेल्या हिशेबाप्रमाणे खिडकी उघडण्याएवढा परिणाम साधायला चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मग माणसांनी बसायचं कुठं?

आता जिबरेलिन. माझा मेहुणा तासगावचा, द्राक्षवाला. खरड छाटणी उरकून मे महिन्यात तो तिरुपतीला आला की परतताना आमच्याकडे दोन दिवस राहतो. एका वर्षी जेवताना मी त्याला हे संशोधन सांगितलं. घास तसाच ठेवून तो म्हणाला, ‘दाजी, म्हणजे जीए! एवढंच? आमच्या सोनाकाला आम्ही मापात देतो, घडाचा देठ लांबतो, मणी फुगतो. पुढच्या वर्षी पुडी आणतो.’ आणि खरंच आणली, ग्रॅमाच्या मापातली चिमुकली पुडी. ती पावडर नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्यानं मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणायला लावलं, माझ्या चहाच्या गाळणीसकट अर्धं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीतून बाल्कनीतल्या वेलीला डोस दिला. नारळावरच्या वेलीलाही मारायचा होता, पण शिडी आणायला माळ्यानं साफ नकार दिला. जमिनीवरून मारलेला फवारा बराचसा आमच्याच डोक्यावर आला.

फूल आलं नाही. वेल मात्र ताणल्यासारखी लांबली, दोन पेरांत वीतभर अंतर, पानं फिकट. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत ती पोचली, तेव्हा हिनं कात्री चालवली.

फळछाटणीच्या गडबडीतही मेहुण्याचा फोन येतो. आधी पाऊस, मग डाऊनीचा रोग, मग बाजारभाव, आणि शेवटी, ‘फूल?’ नाही म्हटलं की त्याचं एकच: ‘डोस कमी पडला दाजी. या खेपेला दोन पुड्या आणतो.’

फोन स्पीकरवर असतो. स्वयंपाकघरातून ही ओरडते, ‘पुडी नको रे बाबा, बेदाणा आण!’