मारव्यासाठी एक काळी डबी

व्हॉल्यूमचं बटण आवाज वाढवत नाही, ते फक्त कमी करतं. सीडी प्लेअर भरात असतो तेव्हा त्याच्या पिनांवर साधारण दोन व्होल्टचा सिग्नल आलेला असतो. बटण त्यातला बराचसा वाटेतच ग्राउंडला सोडून देतं आणि उरलेला अँप्लिफायरकडे जाऊ देतं. आपण ते उजवीकडे फिरवतो तेव्हा अडवणूक तेवढी घटते. हे कळल्यापासून मी या बटणाकडे निराळ्या नजरेनं पाहायला लागलो. काढून घेणं हेच त्याचं काम, आणि काढून घेताना उरलेल्याला धक्का लागू न देणं ही फार अवघड गोष्ट आहे.

नेहमीच्या बटणाच्या पोटात कार्बनचा एक काळा पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक जीभ सरकत जाते. मेकॅनिक त्याला पॉट म्हणतात. स्टिरिओत असे दोन पट्टे एकाच दांडीवर बसवलेले असतात, डाव्या कानाचा एक आणि उजव्याचा एक. जीभ घासून घासून पट्टा झिजतो, त्यावर धूळ बसते, आणि मग बटण फिरवलं की ती ओळखीची खरखर सुरू होते. यवतमाळात धुळीला तोटा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, खिडक्या संध्याकाळी उघडाव्याच लागतात, आणि कापसाच्या हंगामात वाऱ्याबरोबर बारीक तंतूही घरात येतात. पण खरखर साफ करता येते. खरं दुखणं दुसरंच आहे. ते दोन पट्टे कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि आवाज जितका लहान करावा तितका त्यांच्यातला फरक वाढत जातो. अगदी तळाशी आलं की गवई हळूच एका बाजूला सरकतो. मला ऐकायचं असतं ते नेमकं त्या तळाशी.

आमचं गाव मोठ्या आवाजाचं आहे. इथला दुर्गोत्सव दूरदूरहून लोक बघायला येतात, आणि ते नऊ दिवस रस्त्यावरचा प्रत्येक मंडप आपला आवाज घेऊन उभा असतो. मला त्या दिवसांबद्दल प्रेमच आहे. पण कायद्याच्या पुस्तकात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सन २००० पासून लिहिलेली आहे, आणि ४५ डेसिबल म्हणजे नेमकं किती, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांना माहीत आहे. दोन माणसं शेजारी बसून हळू बोलतात, जवळपास तितकं ते असतं. त्या पातळीवर ख्याल ऐकता येतो, आणि फार चांगला ऐकता येतो.

मी ऐकतो तो दिवेलागणीला. शेजारच्या खोलीत आई पडलेली असते, तिला मोठा आवाज सोसत नाही आणि गाणं बंद केलेलंही आवडत नाही. बहुतेक वेळा मारवा असतो, वसंतराव देशपांड्यांचा. वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. म्हणजे आमच्या यवतमाळहून निघणारी शकुंतला ही नॅरोगेजची गाडी जिथं जाऊन थांबायची, त्या गावचा. मारवा त्यांनी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून घेतला. या रागात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर गवई लवकर येऊन बसत नाही. पंचम नसल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तारही पंचमात लावत नाहीत, ती निषादात किंवा धैवतात लावतात. घर कुठं आहे ते माहीत असून बाहेरच फिरत राहण्याची जी अस्वस्थता मारव्यात आहे, तिचा निम्मा भार त्या एका तारेवर असतो. लहान आवाजात ऐकताना आधी हरवते ती तीच. मनुष्याचा कान हळू आवाजात खर्जाला बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. त्यात बटणानं भर घालून तंबोरा एका कानाकडे ढकलला, तर उरतं काय?

त्या तारेसाठी मी ही काळी डबी केली.

डबीत मुख्य वस्तू एकच, एलडीआर. रस्त्यावरचे दिवे तिन्हीसांजेला आपोआप लागतात ना, त्यांच्या डोक्यावर बहुधा हीच असते: छोटी चकती, वर नागमोडी रेघ, रेघेत कॅडमियम सल्फाइड. अंधारात तिचा रेझिस्टन्स लाखो ओहम असतो, आणि भरपूर उजेड पडला की तो शे-दीडशेवर किंवा त्याहूनही खाली येतो. आवाजासाठी वापरतात त्या जातीत एलडीआर आणि एक एलईडी समोरासमोर ठेवून काळ्या कवचात बंद केलेले असतात, बाहेरचा उजेड आत शिरत नाही. प्रत्येक कानासाठी अशा दोन घ्यायच्या. एक गाण्याच्या वाटेत आडवी, दुसरी वाटेतून ग्राउंडकडे उतरणारी. पहिलीचा दिवा वाढवताना दुसरीचा कमी करायचा, की आवाज वाढतो. उलट केलं की कमी होतो. बाहेर जे बटण हाताला लागतं ते फक्त या दिव्यांचा करंट वाटून देतं. त्याचा पट्टा झिजला, धूळ बसली, तरी ती खरखर गाण्यापर्यंत पोहोचायला तारच नाही. एलडीआर उजेडाच्या बदलाला जरा सावकाश उत्तर देते, विशेषतः अंधाराकडे जाताना, त्यामुळे बटणाचे बारीक धक्केही वाटेतच विरतात.

दत्त चौकाच्या अलीकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना डबी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती उलटीपालटी केली.

“काऊन भाऊ, गाणं कुठून जाऊन राहिलं मंग?”

“या बाजूनं जाते काका. बटणाकडे येतच नाही.”

“मंग बटण काय करते?”

“दिवा कमी-जास्त करते.”

“म्हणजे आवाजाले हात लावाचाच नाही!” असं म्हणून त्यांनी समाधानानं डबी परत दिली. इतक्या कमी शब्दांत मला ती अजून कुणाला समजावता आलेली नाही.

उजेड आणि आवाज यांची ही सोयरीक जुनी आहे. १८७३ मध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींची चाचणी घेताना विलोबी स्मिथ यांना आढळलं, की सेलेनियमचा रेझिस्टन्स उजेडात कमी होतो. १८८० मध्ये ग्रॅहम बेल यांनी उन्हाच्या किरणावर बसवून माणसाचं बोलणं दोनशे मीटरच्या पलीकडे पोहोचवलं, आणि पलीकडे ते झेलायला सेलेनियमच होतं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलिनाच्या स्फटिकाच्या ज्या डिटेक्टरसाठी १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, तो विद्युत्‌लहरींना जागा व्हायचा तसाच उजेडालाही. १९०४ मध्ये ते पेटंट मिळालं.

पण आपल्या लोकांनी उजेडातून आलेला आवाज खरा ऐकला तो सिनेमात. १९३१ ला ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, आणि नंतर बोलपट टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसून जत्रेजत्रेतून फिरले. माझ्या वडिलांच्या पिढीनं गाणी ऐकली ती तिथं, जमिनीवर बसून. पडद्यावर जे दिसायचं ते सगळ्यांना ठाऊक. आवाज कुठून येतो हे मात्र प्रोजेक्टरवाल्यालाच ठाऊक. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटरची एक पट्टी असे, तिच्यावर आवाज कमीजास्त जाडीच्या काळ्यापांढऱ्या नक्षीत छापलेला. एका लहान दिव्याचा उजेड बारीक फटीतून त्या पट्टीवर पडायचा, पलीकडे फोटोसेल. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुमारे ४५६ मिलिमीटर फिल्म त्या फटीसमोरून सरकायची, आणि उजेड थरथरला की कर्ण्यातून गाणं निघायचं. चित्र झटक्याझटक्यानं थांबत पुढं जातं, आवाजाला मात्र संथ चाल लागते. म्हणून आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या वीसेक चौकटी पुढं छापलेली असे. फिल्मवर ओरखडा पडला की तंबूत फट्‌ असा आवाज यायचा, तो खरं तर उजेडाचा आवाज होता. माझ्या डबीत याच्या निम्मंच काम आहे. इथं उजेड गाणं घेऊन येत नाही, किती येऊ द्यायचं तेवढं ठरवतो.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात ही युक्ती पूर्वीच स्थिरावली होती. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स लॉरेन्स यांनी चमकणारी एक पट्टी आणि कॅडमियमची एलडीआर एकत्र कोंडून टेलिट्रॉनिक्सचं ‘एलए-२ए’ हे यंत्र केलं. गायकाचा आवाज एकदम चढला की ते आपणहून हलक्या हातानं खाली आणतं. जगातल्या कितीतरी स्टुडिओंत ते आजही वापरात आहे.

डबी करण्यातला वेळ सर्किटला लागत नाही, जोड्या जुळवायला लागतो. एकाच नंबरच्या, एकाच खोक्यातल्या दोन नगांना सारखाच करंट दिला तरी एक तीनशे ओहम दाखवील आणि दुसरा साडेचारशे. एका ठिकाणी जुळले तरी पुढं जुळतीलच असं नाही. दिवा मंद केला की दोघं वेगवेगळ्या वाटेनं जातात. शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैल निवडणारा जाणता शेतकरी नुसतं रूप आणि ताकद बघत नाही, सुटताना, मध्यात आणि शेवटी दोघांची चाल एक आहे का ते बघतो. इथंही तसंच. प्रत्येक नगाला करंटच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर मल्टिमीटर लावायचा, आकडे वहीत उतरवायचे आणि वक्र काढायचा. त्यात एलडीआरला आठवण असते. रात्रभर अंधारात पडलेली चकती सकाळी पहिल्या उजेडाला एक आकडा सांगते आणि थोडा वेळ उजेडात राहिल्यावर दुसरा. म्हणून मोजण्याआधी सगळ्यांना सारखा वेळ उजेड द्यावा लागतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि खोलीचं तापमान फार बदलू देऊन चालत नाही. मी जुळवणी तळाच्या भागासाठी केली, कारण माझं ऐकणं तिथं आहे. वरच्या टोकाला जोडी जराशी फाकली तरी मला चालतं.

ही डबी पॅसिव्ह आहे, म्हणजे गाण्याच्या वाटेत वाढ करणारं काहीच नाही. त्याची किंमत मोजावी लागते. डबीनंतरची केबल लांब झाली आणि डबीचा रेझिस्टन्स मोठा असला, तर केबलची कपॅसिटन्स वरचे सूर खाऊन टाकते. १०० किलोओहमच्या साध्या पॉटमागे ५०० पिकोफॅरडची केबल लावली तर मधल्या ठिकाणी साडेबारा किलोहर्ट्‌झच्या आसपासच उतार सुरू होतो. १० किलोओहमची मांडणी ठेवली तर तोच उतार सव्वाशे किलोहर्ट्‌झच्या पलीकडे, कानाच्या कक्षेबाहेर जातो. म्हणून डबी अँप्लिफायरच्या शेजारी ठेवावी, केबल हातभर असावी आणि अँप्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमच्या वर असावा. दिव्यांना मात्र वीज लागते. मोबाइलची पॉवर बँक इथं बहुधा उपयोगी पडत नाही. इतका थोडा करंट ओढला की फोन भरला असं समजून ती स्वतःच बंद होते. साधे सेल चांगले.

या डबीत जादू आहे असं काही हौशी मंडळी म्हणतात. ते मला पटत नाही. एलडीआरवर मोठा व्होल्टेज पडला की ती थोडी विकृती मिसळतेच. रिले आणि चांगल्या रेझिस्टरांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी मोजमापात हिच्या पुढं जाईल. पण त्या मांडणीत दर पायरीला टिक-टिक असते आणि आवाज उडी मारतो. या डबीत तो संध्याकाळच्या उजेडासारखा उतरत जातो, आणि मारव्याचा तंबोरा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे राहतो. निषादाची तार आईच्या खोलीपर्यंत ऐकू येते, हे तिनं स्वतः सांगितलं. माझ्यापुरता निकाल तेवढ्यावर लागला.

हे नग आता सहज मिळत नाहीत. कॅडमियम विषारी आहे. युरोपनं जुलै २००६ पासून विजेच्या वस्तूंत ते वजनाच्या ०.०१ टक्क्यावर आणून ठेवलं, व्यावसायिक ध्वनियंत्रांतल्या अशा एलडीआरना दिलेली खास सवलतही २०१३ च्या अखेरीस संपली, आणि भारताच्या २०११ च्या ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आली. मला हे नियम योग्य वाटतात. तेव्हा कुणाला ही डबी करावीशी वाटली तर जुने नग मिळवा, जोड्या जुळवायला घाई करू नका, डाग देताना नगाच्या पायांना फार वेळ ताव लागू देऊ नका, आणि जे नग जुळणार नाहीत ते फोडू नका, जाळू नका, घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकू नका. वेगळ्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.