रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

क्यूबा बेटावरच्या गुहांत एका अवाढव्य घुबडाची हाडे सापडली आहेत. उंची सुमारे साडेतीन फूट, नाव ओर्निमेगॅलोनिक्स. १९५८ साली त्याचे प्रथम वर्णन झाले तेव्हा हे घुबड आहे हेही ओळखले गेले नव्हते. पुढे ती चूक दुरुस्त झाली, कारण हाडाने स्वतःहून काही सांगितलेले नसते. संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याचे तसे नाही. त्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते आणि ती माणसाने लिहिलेली असते.

आमच्या खानदेशातला रानपिंगळा अशाच एका चिठ्ठीपायी हरवला होता. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र उरली ती मोजकी कातडी. त्यांतल्या एकावर नोंद होती : मांडवी, गुजरात, १९१४. नोंदकर्ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन, नावाजलेले पक्षितज्ज्ञ, १९३७ मध्ये सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानात हिंडलेले. अशा माणसाच्या अक्षरावर संशय कोण घेणार? अली आणि डिलन रिप्ले यांनीही हा पक्षी शोधून पाहिला. तो मिळाला नाही.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा पक्षी सोलण्याची नि भरण्याची डेव्हिडसनची लकब आतून दिसू लागली. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला नमुना चोरला होता, नव्याने भरला होता आणि त्यावर आपली चिठ्ठी चढवली होती. खाडाखोडीखालचा मूळ पाठ वाचावा, तसे हे काम. (आमच्या पाठचिकित्सकांनी हेवा करावा असे!) मांडवी बाद झाली, डेव्हिडसनच्या जुन्या जागा उरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा भर उजेडात फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी 'सापडला' म्हणायचे. त्या काळात तिथल्या भिल्ल-पावऱ्यांना तो दिसतच असणार. त्यांच्यापाशी चिठ्ठी नव्हती, एवढेच.

२०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यावर, आढळला. मुलुंड-घाटकोपरमधून जाणाऱ्या ज्या जाडजूड जलवाहिन्यांच्या कडेने आम्ही रोज ये-जा करतो, त्यांतले पाणी त्याच रानातल्या तलावाचे. पावसाळ्यात त्या तलावाची पातळी आम्ही वर्तमानपत्रांत नेमाने वाचतो. काठच्या सागावर कोण बसले आहे, याला त्या कोष्टकात रकाना नाही.