सुताराचे पाऊल, पटाशी आणि उमेदवारी

महाराष्ट्रातील परंपरागत सुतारकाम हे जमिनीवर बसून करायचे काम होते, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज या व्यवसायातील हत्यारांची ठेवण, पादत्राणांविषयी कारागिरांची अनास्था आणि उमेदवारांना, म्हणजे शिकाऊ मुलांना, मिळणारी शिकवण यांचा नीट उलगडा होत नाही. बलुतेदारीत नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडी घडवणाऱ्या गावच्या सुताराजवळ लाकूड आवळून धरणारा व्हाइस नव्हता. ते काम त्याचा पाय करीत असे. फळी तळव्याखाली दाबायची, तिची कड अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये धरायची आणि वाकस, म्हणजे आडव्या पात्याचे तासणीचे हत्यार, पावलापासून चार बोटांवर उतरवायचे, ही त्या कामाची रीत होती. प्रस्तुत लेखकाने याच बैठकीत कामाला सुरुवात केली आणि पुढे फर्निचरच्या कारखान्यात उभ्या बाकावर काम केले. येथील निरीक्षणे या दोन्ही अनुभवांवर आधारलेली आहेत.

त्या बैठकीत अनवाणी असणे हा निष्काळजीपणा नव्हता. करवत चालू असताना फळीची थरथर तळव्याला लागते, काप संपत आला की ती बदलते, आणि मुरलेला सुतार न पाहताच हात हलका करतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी चिरफळी निघून फळी बिघडत नाही. जाड तळाच्या बुटातून हे कळणे शक्य नाही. उभे बाक आले, लाकूड व्हाइसमध्ये गेले आणि पावलाचे हे काम संपले. अनवाणी राहण्याची सवय तेवढी मागे उरली, आणि तीही अशा जमिनीवर, जेथे आता ढलप्यांबरोबर स्क्रू, स्टेपलच्या पिना आणि लॅमिनेटच्या काचेसारख्या धारदार कपच्या पडलेल्या असतात. उमेदवाराला पहिले काही आठवडे झाडू मारायला लावतात, याची पुष्कळ मुलांना लाज वाटते. परंतु कारखान्यात जमिनीवर काय काय पडते आणि कोणत्या यंत्राभोवती पडते, हे झाडणाऱ्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

भारतीय मानक आयएस १५२९८ च्या दुसऱ्या भागानुसार सुरक्षा बुटाच्या पुढच्या टोपीने २०० जूल इतका आघात सोसला पाहिजे, म्हणजे साधारण २० किलोचे वजन १ मीटर उंचीवरून पडले तरी बोटे वाचली पाहिजेत. सागवानी चौकट किंवा १९ मिलिमीटर जाडीचा, आठ फूट बाय चार फूट मापाचा प्लायवूडचा तक्ता हातातून निसटतो तेव्हा ही टोपी उपयोगी पडते. पण सेंट्रिंगच्या कामावर, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे बांधण्याच्या कामावर, खरी भीती उलट्या खिळ्यांची असते आणि तेथे टोपीपेक्षा तळात बसवलेला पत्रा किंवा न भेदणारा थर अधिक महत्त्वाचा ठरतो. अनवाणी वाढलेल्या पावलाचा चवडा रुंद असतो आणि बाजारातील पुष्कळसे बूट चवड्यात अरुंद येतात, म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड सुती मोजे घालून पाहावेत. पँटची कड बुटात खोचू नये, बुटावरून खाली सोडावी, नाहीतर रंध्याच्या ढलप्या घोट्याशी साठतात. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत, न वापरताही, हळूहळू विरत जातो आणि दोन-तीन पावसाळे माळ्यावर काढलेला नवाकोरा जोड घातल्या दिवशीच तुकडे होऊन सुटू शकतो. ठेकेदाराने स्वस्तात आणलेला जुना साठा म्हणूनच फुकट मिळाला तरी तपासून घ्यावा. एक अडचण मात्र कोणत्याही मानकात सापडत नाही. राहत्या घरात काम निघाले की घरमालकीण उंबऱ्यापाशीच बूट काढायला सांगते, देवघर जवळ असेल तर तिच्या म्हणण्यापुढे इलाज नसतो, आणि सुतार पुन्हा अनवाणी होतो. यावर केवळ घरात वापरायचा, कधीही रस्त्यावर न नेलेला वेगळा जोड पिशवीत ठेवणे आणि तो नवा असल्याचे आधीच दाखवणे, एवढाच उपाय प्रस्तुत लेखकाला लागू पडलेला आढळला.

हत्यारांमध्ये उमेदवाराने प्रथम शिकायची गोष्ट कापणे नसून धार लावणे ही आहे, आणि याबाबत तडजोड करणारा उस्ताद मुलाचे नुकसान करतो, असे येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. पटाशी म्हणजे सपाट पात्याची छिन्नी. तिच्या एका बाजूला उतार असतो आणि दुसरी बाजू, जिला पाठ म्हणतात, सपाट असते. उतार साधारण २५ अंशांवर घासून घेतात आणि अगदी टोकाशी सुमारे ३० अंशांचा दुसरा, बारीक उतार दगडावर काढतात, कारण त्यापेक्षा निमुळते टोक सागवानातील गाठीवर टिकत नाही आणि अधिक बोथट टोक लाकूड कापण्याऐवजी चेपते. दगडावर घासताना पोलाद कडेला पोचले की त्याची अतिशय बारीक दुमड पाठीकडे वळते. अंगठा पाठीवरून धारेच्या बाहेर सरकवला, धारेच्या लांबीने कधीही नव्हे, तर ती खरखरीत लागते. ही दुमड पात्याच्या संपूर्ण रुंदीभर लागेपर्यंत उताराचे काम पुरे झाले असे समजू नये, आणि ती लागल्यावर पाठ दगडावर पूर्ण टेकवून दुमड उतरवावी, पाठ किंचितही उचलू नये. धार कळण्यासाठी नखाची परीक्षा सर्वत्र चालते, पण पाइनसारख्या मऊ लाकडाच्या टोकावर, जेथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात, पातळ काप घेऊन पाहणे अधिक खात्रीचे आहे: बोथट पाते तेथे भुगा करते, धारदार पाते तुकतुकीत पृष्ठभाग सोडते.

आखणीत गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, आणि सूत हे माप यांवर भिस्त असते. एका इंचाचे आठ सूत होतात, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरहून थोडे कमी भरते, आणि कारखान्यातील नकाशे मिलिमीटरमध्ये असले तरी बोलण्यात अजून सूतच चालते, त्यामुळे दोन्ही मापे तोंडपाठ असावीत. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. वैशाखात घट्ट बसवलेले दार आषाढात उघडत नाही, ते यामुळेच. पोकळी किती सोडायची हे लाकडाची रुंदी आणि दार बसवतानाचा ऋतू यांवर ठरते, आणि कोकणात हा हिशेब देशावरच्यापेक्षा काळजीने करावा लागतो. साल आणि कुसू यांचा सांधा, म्हणजे एका दांड्यात कोरलेली खाच व दुसऱ्याचे तिच्यात बसणारे टोक, बसवताना कुसू तासून सालीत बसवावा, साल मोठी करू नये. कुसवावर तासणी आवरता येते, सालीत गेलेली पटाशी मागे घेता येत नाही.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगता येईल. मिनिटाला १०,००० हून अधिक फेरे घेणाऱ्या मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते बसवून, संरक्षक पत्रा काढून प्लायवूड कापण्याची जी रीत पडली आहे तिचे समर्थन करता येत नाही. टेबल-करवतीवर काप मागे मिटला तर पाते चिमटीत सापडून फळी कारागिराच्या अंगावर फेकली जाते, म्हणून पात्यामागे काप उघडा ठेवणारी पट्टी काढू नये आणि पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. फिरत्या पात्यापाशी हातमोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला तर बोटांपाठोपाठ हातही ओढला जातो.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आणि आयटीआयचा एक वर्षाचा सुतारकामाचा अभ्यासक्रम यांमुळे शिकण्याला कागदोपत्री आकार आला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत, सुतारांसह १८ व्यवसायांसाठी, हत्यारांकरिता १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य ई-व्हाउचरने मिळते. एवढ्या रकमेत चकचकीत यंत्र घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. तथापि ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटरच्या चार चांगल्या पटाश्या, एक लोखंडी रंधा, खरा गुण्या आणि दोन पोतांचा दगड यांवर आधी खर्च करावा, मुठी बाभळीच्या करून घ्याव्यात, आणि ड्रिल मशीन उरलेल्या पैशांत येत असेल तरच घ्यावे.