मागच्या रांगेतील पोती

बँकेच्या नोकरीत अनेक वर्षे व्यापाऱ्यांच्या मालतारण खात्यांची तपासणी माझ्याकडे होती. मालसाठ्याचे विवरणपत्र घेऊन वखारीत जायचे, पोती मोजायची आणि सही करायची. दक्षिण महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या एका गावी एकदा मी पुढच्या दोनच रांगा मोजल्या, चहा घेतला आणि उरलेल्यांचा गुणाकार करून सही ठोकली. पुढे खाते थकले. वखार उघडली तेव्हा मागच्या पोत्यांत हळद नव्हती, भुसा होता. सही माझी होती.

ती वखार मला २००५ साली पुन्हा आठवली. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरलेला नाही, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या पाहणीतून त्या वर्षी स्पष्ट झाले. आदल्या वर्षीच्या गणनेत तेथे १६ ते १८ वाघ दाखवलेले होते. शिकाऱ्यांनी संपवलेले वाघ वहीत मात्र जिवंत होते.

तेव्हा गणना पाऊलखुणांवरून होई. वनरक्षक ठशावर काच धरून आकृती उतरवीत आणि तीवरून वाघ ओळखीत. पण एकाच वाघाचा पंजा ओल्या मातीत एक दिसतो, धुळीत निराळा. एकाचे दोन होणे अवघड नव्हते. शिवाय आकडा घटला तर ज्याने जाब द्यायचा, तोच मोजणारा! (हे दुखणे आम्हा बँकवाल्यांना नवे नाही.)

पद्धत बदलली. २००१-०२ च्या गणनेत ३,६४२ वाघ होते; २००६ च्या नव्या मोजणीत १,४११ निघाले. पुष्कळांनी सरळ वजाबाकी केली. वाघ मारले गेले होते हे खरेच. परंतु दोन निराळ्या मापांनी काढलेल्या आकड्यांची वजाबाकी होत नाही. बुडीत कर्ज प्रथमच ताळेबंदात दाखवावे, तसा तो प्रकार होता.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती. वाघाच्या अंगावरील पट्टे म्हणजे आमच्याकडची नमुना सही. दोघांची सारखी नसते. त्यावरून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले. एकूण अंदाज २,९६७, आणि त्याची मर्यादा २,६०३ ते ३,३४६. ‘शिल्लक इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा ताळेबंद मी नोकरीत कधी स्वीकारला नसता. आज मला तोच अधिक प्रामाणिक वाटतो.

वाघाला निदान मोजणारे मिळाले. गिधाडे इतकी होती, की त्यांचा देशभराचा हिशेब कोणी ठेवला नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात ती मोजली होती, म्हणूनच नव्वदच्या दशकातली घट त्यांना दिसली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये उलगडले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरासाठीच्या उत्पादनावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारामागे जेमतेम एखादे उरली होती.

मासे, बेडूक, पाली यांची आपल्याकडे यादी आहे. कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून ती वाढवीत आहे. पण यादी नावांची. बहुतेकांपुढे संख्येचा रकाना रिकामाच आहे. आमच्या अंगणात पावसाळ्यात बेडूक पूर्वीपेक्षा कमी ओरडतात, असे मी पत्नीला म्हणालो. पूर्वी किती होते, असे तिने विचारले. मी कधी मोजले नव्हते.